डोंगर चढता येत नाही त्यांनी कोकणात नुसतं गाडीतच बसायचं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण भरती-ओहोटीचा आणि शेवटचा पुलांचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

दर सुट्टीच्या आधी कोकणावर पुरवण्या निघतात, आपल्याच नाही, सगळ्याच पेपरांच्या. मी त्या सगळ्या वाचते. त्यात दोनच प्रकारचं कोकण असतं. एक म्हणजे रिसॉर्ट, पॅरासेलिंग, बनाना राइड आणि मासे कुठे खायचे, आणि दुसरं म्हणजे गड, कातळकडे, रॅपलिंग, रात्रीचा ट्रेक. दोन्हीबद्दल माझी काही तक्रार नाही, तरुण मुलांनी ते करायलाच पाहिजे. पण या दोन्हीच्या मधे खूप मोठा वर्ग आहे ज्याला तास-दीड तास सपाटीवर आरामात चालता येतं, चालायला आवडतं, डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलंय, आणि सुट्टीला गेल्यावर मात्र त्याला गाडीतून उतरून फोटो काढून परत गाडीत बसायला लागतं. गुडघे धरलेल्या बायका, बायपास झालेले काका, पोटात बाळ असलेल्या मुली, चार-पाच वर्षांची पोरं घेऊन आलेले आईबाप. यांच्यासाठी कुणी लिहित नाही, आणि कुणी लिहित नाही म्हणून कुणी मागत पण नाही आणि मागत नाही म्हणून होत नाही.

मी अलिबागची. आमच्याकडे डोंगर आणि समुद्र एका नजरेत बसतात. किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला बघितलं की कुलाबा किल्ला आणि पाठ फिरवली की गावाच्या घरांवरून, नारळींच्या शेंड्यांवरून सागरगडाचा आणि कनकेश्वराचा डोंगर. उंची काही सह्याद्रीसारखी नाही, चारशे मीटरच्या आसपास, पण समुद्रसपाटीवरून बघताना तो मोठाच दिसतो, आणि पावसाळ्यात त्याच्यावरचे ओहोळ खालून दिसतात. म्हणजे डोंगर बघायला डोंगर चढलाच पाहिजे असं काही नाहीये. खालून, सपाटीवरून, वारा खात खात तो बघत चालणं हा पूर्ण आनंद आहे, अर्धा नाही. हे मला फार मनापासून वाटतं.

आता गावातलंच घ्या. मुंबईहून गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली किंवा २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झालीय त्याने आलं की पुढे बसने अलिबाग, म्हणजे स्वतःची गाडी पाहिजेच असं नाही. (गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, तेवढं बघून निघा.) एसटी स्टँडच्या जवळपास उतरलात की पुढचं सगळं पायी होण्यासारखं आहे. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. १७२९ साली ते गेले, तोपर्यंत या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी कुणाचंच त्यांच्यापुढे फारसं चाललं नाही. तिथून हिराकोट, काळ्या दगडांचे चिरे रचून कान्होजींनीच १७२० मधे बांधलेला छोटा कोट, पुढे त्याचा तुरुंग झाला म्हणून आत जाता येत नाही पण बाहेरून भिंत बघत आणि बाजूच्या तलावाच्या कडेने फिरता येतं, संध्याकाळी तिथे वारा छान असतो. मग इस्रायल आळी. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग बघायला आत सोडतात का ते आधी विचारायचं, प्रार्थनास्थळ आहे, पण नुसत्या त्या आळीतून चालत जाणं पण छान आहे. बेने इस्रायली लोकांचे पूर्वज जहाज फुटून इथे जवळच नवगावला किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते, पुढे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणायचे. ही माणसं मराठी बोलत वाढली, आता बहुतेक इस्रायलला गेली, तरी तिकडून नातवंडं घेऊन येतात आणि आळीत फिरतात.

आणि मग वेधशाळा. समुद्राच्या कडेला चुंबकीय वेधशाळा आहे, हे अलिबागला वर्षानुवर्षं येणाऱ्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद व्हायची, पुढे ट्राम विजेवर चालवायचं ठरलं आणि त्या विजेने सगळ्या नोंदी बिघडणार म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधून १९०४ साली काम अलिबागला आणलं, इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही, आणि आजपर्यंत नोंदी चालू आहेत. आतमधे असंच जाता येत नाही, पण बाहेरून चालत जाताना नातवंडाला एवढी गोष्ट सांगितली तर त्याच्या डोक्यात किती प्रश्न येतात ते बघा. यातलं काहीच दमवणारं नाही. सगळं सपाट. मधे चहा प्यायला टपऱ्या आहेत. अडचण एकच, फुटपाथ. जिथे आहे तिथे त्याच्यावर बाइक लावलेल्या असतात आणि जिथे नाही तिथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांमधून वाट काढत चालायचं.

आता किल्ला. इथे मला जास्त लिहायचंय कारण सगळ्यात सोपं चालणं पण इथेच आहे आणि सगळ्यात जास्त फजिती पण इथेच होते.

कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. अंतर किलोमीटर-दीड किलोमीटर, चढ नाही, ओली घट्ट वाळू आणि किल्ल्याच्या जवळ थोडा खडक. ओली वाळू गुडघ्याला फार बरी, कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटऱ्या भरून येतात तसं होत नाही. ज्यांना चालवणारच नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या आहेत. आत पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं. दगड बघा, मोठे मोठे चिरे चुना न भरता नुसते एकावर एक ठेवलेत, लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि जोर मोडतो. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मधे बांधलेलं, समोर गोड्या पाण्याची पुष्करणी, चारी बाजूला खारं पाणी असताना. उत्तरेच्या तटावर चाकांच्या इंग्रजी तोफा, तिथे उभं राहिलं की वारा एवढा की पदर सांभाळायला लागतो, आणि पूर्वेला बघितलं की गाव, त्याच्या मागे वाड्या, त्याच्या मागे सागरगडाची रांग असं एकामागे एक. मला विचाराल तर अलिबागचा सगळ्यात चांगला देखावा हाच, आणि त्यासाठी एकही डोंगर चढायला लागत नाही.

पण हे सगळं वेळेत. समुद्र दिवसातून दोनदा येतो आणि दोनदा जातो, आणि दर दिवशी साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी नऊला गेलो होतो म्हणून या रविवारी पण नऊला जाऊ हे चालत नाही, कदाचित त्या वेळी कमरेएवढं पाणी असेल. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीच्या पाऊणपट. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. त्याच्या आधी किंवा नंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. ओहोटीच्या आधी दीड तास निघायचं आणि ओहोटी लागून गेल्यावर तास-दीड तासाच्या आत परत किनाऱ्याला यायचं. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर मोबाइल न बघता पण कळतं.

यातूनच सांगते की तृतीया, चतुर्थी, पंचमी हे दिवस सगळ्यात सोयीचे, दोन्ही पक्षातले. सकाळी साडेआठ ते दहाच्या मधे ओहोटी येते, ऊन चढलेलं नसतं आणि पाणी चांगलं लांब जातं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी खूप आत जातं हे खरं पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे परत येताना अंधार, म्हातारी माणसं आणि पोरं बरोबर असताना तो धोका घेऊ नये. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओहोटी दुपारी बाराला येते आणि पाणी पुरतं हटतच नाही, गुडघाभर पाण्यातून जायला लागतं. म्हणजे रविवारी अष्टमी आली तर किल्ला राहू द्या, गावात फिरा. पावसाळ्यात तर विचारच करू नका. एवढी साधी माहिती, कोळीवाड्यातल्या कुठल्याही पोराला पाठ असते, आणि मुंबईहून आलेल्या शिकलेल्या माणसाला कुणीच सांगितलेली नसते म्हणून तो किल्ल्यात अडकतो, मग बोट पाठवा, पोलिसांना फोन करा. गाड्या वाळूत रुतल्याच्या बातम्या तर तुम्हीच छापता.

म्हणून माझी पहिली मागणी तुमच्याकडेच आहे, सरकारकडे नाही. रायगडच्या पानावर रोज सूर्योदय-सूर्यास्त, धरणातला पाणीसाठा छापता तसे भरती-ओहोटीचे टाइम छापा. दोन ओळींची जागा लागते. शुक्रवारी पुढच्या शनिवार-रविवारचे छापले तरी चालेल. आणि पुरवणीत समुद्रकिनाऱ्यावर लेख असेल तर त्या दिवसाची ओहोटी कधी ते चौकटीत द्या, हॉटेलच्या फोन नंबरच्या आधी. दुसरी मागणी नगरपालिकेकडे, किनाऱ्यावर जिथून लोक वाळूत उतरतात तिथे मोठ्या अक्षरात फळा लावा, आजची ओहोटी अमुक वाजता, अमुक वाजायच्या आत परत या. खडूने लिहिला तरी चालतो, डिजिटल बोर्ड नको, खाऱ्या हवेत ते टिकत नाहीत.

ज्यांना किल्ला नको असेल त्यांनी ओहोटीला किनाऱ्याकिनाऱ्याने वरसोलीकडे चालत जावं, सुरूची झाडं आहेत, सावलीत बसता येतं. उत्तरेला पुढे थळ, तिथून समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरी आता २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत गेलाय, मराठा किल्ल्यांचे जे १२ किल्ले घेतले त्यात, त्यामुळे गर्दी वाढणार. पण बोटीत चढता-उतरता येत नाही त्याने थळच्या किनाऱ्यावरून बघितला तरी खूप आहे. त्याच्या पुढे किहीम. १९३० च्या सुमाराला सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास किहीमला राहून केला, नोकरी हातात नव्हती तेव्हा. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पसंत करते आणि मगच तो ते पुरं करतो, हे त्यांनी तिथे रोज बसून बघितलं. पावसाळा सुरू झाला की वाडीतल्या वाटेने चालताना ही घरटी अजून दिसतात, ती बघायला दुर्बीण पण लागत नाही. आणि त्याच्याही पुढे सासवणे, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर, आता शिल्पालय. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांनी केला, आणि इथे घरात-अंगणात गावातली माणसं, कोळणी, जनावरं अशी करून ठेवलीत की आपण त्यांच्यामधून चालतोय असंच वाटतं. शिल्पालय बघून झालं की मागे समुद्र आहेच.

कनकेश्वराबद्दल विचारतात लोक. मापगावहून सातशेच्या वर पायऱ्या आहेत, ते सोपं चालणं नाही, उगाच सोपं आहे म्हणणार नाही. पण पूर्ण चढलाच पाहिजे असा नियम कुणी केलाय? पायऱ्या जुन्या, रुंद आणि झाडीतून आहेत, थोडंसं चढून नागोबाच्या टप्प्यापर्यंत जाऊन, बसून, खाली आलं तरी माकडं, पक्षी, झाडांतून मधेच दिसणारी शेतं असं सगळं मिळतं. घरातली तरुण माणसं वर देवाला जाऊन येईपर्यंत बाकीच्यांनी खाली गाडीत एसी लावून बसायचं हे मला बघवत नाही. टप्प्याटप्प्यावर बसायला चार दगडी बाकं आणि प्यायचं पाणी असेल तर कितीतरी जास्त लोक अर्ध्यापर्यंत जातील.

दक्षिणेला तर मला स्वतःला जास्त आवडतं. आक्षीला जायला मधे खाडी आडवी येते म्हणून किनाऱ्याने जाता येत नाही, रस्त्यानेच जायला लागतं. तिथे शके ९३४ चा म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख आहे, मराठीतला सगळ्यात जुना म्हणून अभ्यासक मानतात तो. मराठी भाषेचे सोहळे होतात तेव्हा तरी शाळेच्या सहली तिथे नेल्या पाहिजेत. पुढे नागाव, आणि मग चौल. चौलचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या, भर दुपारी पण सावली, पाट वाहात असले की गारवा. रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पुष्करणी बघून वाडीवाडीतून चालत राहावं, भोवाळ्याचा दत्त टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, जमेल त्याने चढावं, नाही जमलं तर खालच्या वाटेने फिरावं. आमच्या बायकांच्या ग्रुपमधे अर्ध्या वर जातात आणि अर्ध्या खाली वाड्या बघत हिंडतात, आणि दोघी गटांकडे परत येताना सांगायला तेवढंच असतं.

चौलला लागूनच रेवदंडा. हे गावच पोर्तुगीजांच्या कोटाच्या आत वसलंय. तटाच्या भगदाडातून किनाऱ्यावर उतरता येतं, वाळूत सातखणी मनोऱ्याकडे बघत बघत चालायचं, सात मजल्यांचे आता तेवढे उरले नाहीत पण जे उभं आहे त्याने मान वर करायला लागते. रशियाहून अफनासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९ मधे चौलच्या बंदरात उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, त्याचं स्मारक रेवदंड्याच्या शाळेत आहे. आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे समोर दिसतो तो कोर्लईचा डोंगर, समुद्रात घुसलेला, त्याच्या अंगावर किल्ला. पूर्ण किल्ला चढ आहे, पण दीपगृहापर्यंत जाता येतं आणि दीपगृहाच्या मागून थोड्याच पायऱ्या चढलं की तटावर. दोन्ही बाजूला पाणी. खाली कोर्लई गावात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलणारी कुटुंबं आहेत, चर्चच्या आसपास. गावातून चालताना हळू बोला आणि लोकांच्या अंगणात कॅमेरे रोखू नका एवढंच.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहित नाही. डोंगराला वळसा घालून पायऱ्या उतरून खडकावरून समुद्राच्या कडेने देवळात परत यायचं, खडकाला लाटांनी जाळी पाडलीय, बघण्यासारखीच. पण ती वाट फक्त ओहोटीची आहे. भरतीला किंवा पावसाळ्यात तिथे लाट माणसाला ओढून नेते, आणि ते होऊन गेलंय. गुरुजी नको म्हणाले तर नको.

आता एक परदेशातलं सांगते. तिकडचं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही, आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. माझी लेक मँचेस्टरला असते, तिने मला नॉर्थ वेल्समधे लँडिडनोला नेलं होतं. ट्रेन समुद्राच्या कडेने जाते. गाव छोटं, एका अंगाला ग्रेट ऑर्म नावाचा डोंगर, दोनशे मीटरच्या वर, म्हणजे आपल्या सागरगडाच्या निम्मा, दुसऱ्या अंगाला लिटल ऑर्म, मधे दोनेक मैलाचा अर्धगोल किनारा आणि त्याच्या कडेने रुंद, सपाट, एकही पायरी नसलेला रस्ता, फक्त चालणाऱ्यांसाठी. लांबवर स्नोडनचे डोंगर, आकाश मोकळं असलं तर दिसतात. बाकं किती, तर पावलापावलावर. व्हीलचेअरवरचे लोक, काठी घेतलेले लोक, बाबागाड्या, सगळे त्या एका रस्त्यावर. डोंगर चढता येत नाही त्यांच्यासाठी १९०२ पासून ट्राम आहे, दोराने ओढत वर नेते. डोंगराला वळसा घालणारा रस्ता १८७८ चा, चारेक मैलांचा. लाटा खाली, कडा डोक्यावर, आणि त्या कड्यावर बकऱ्या, काश्मिरी बकऱ्या! मी लेकीला म्हटलं थट्टा करतेस का, पण खरंच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या काश्मिरी कळपातून आलेल्या आहेत, आता रानटीच झाल्यात. लॉकडाऊनमधे त्या गावात येऊन लोकांच्या बागा खात होत्या ते आपल्याकडच्या टीव्हीवर पण दाखवलं होतं.

तिथून जवळच कॉनवी. तेराव्या शतकातला कोट आहे, १२८३ ते १२८७ मधे बांधलेला, आणि गावाभोवतीचा तट अजून जवळजवळ पूर्ण, सव्वा किलोमीटरच्या वर, २१ बुरूज. तटाच्या बऱ्याच भागावरून फुकट चालता येतं, एका बाजूला गावातली कौलं, दुसऱ्या बाजूला खाडी आणि डोंगर. मला रेवदंडाच आठवत होता सारखा. तोच प्रकार, गावाभोवती तट, खाडी, समोर डोंगर. फरक एवढाच की त्यांच्या तटावर झाडं उगवू दिलेली नाहीत, जिथे पाय घसरेल तिथे कठडा आहे, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर खांबाला बाण लावलाय, इकडे गेलात तर एवढा वेळ लागेल, इथे चढ आहे, इथे नाही. आणि वेल्सने २०१२ मधे आख्ख्या किनाऱ्याने, ८७० मैल, पायवाट पुरी केली, त्यातला सोपा तुकडा कुठला, अवघड कुठला हे पाटीवर लिहिलंय. माझ्या वयाची बाई ती पाटी बघून स्वतः ठरवू शकते, कुणाला विचारावं लागत नाही, कुणाच्या मुलाची सुट्टी मिळायची वाट बघावी लागत नाही.

आपल्याकडे पैसा येत नाही असं नाही. किनारा सुशोभीकरणाला येतो. पण तो जातो कमानींना, आय लव्ह अमुक गाव अशा रंगीत अक्षरांना, कारंज्यांना. सेल्फी पॉइंट झाला, आता त्याच्यापर्यंत चालत जायला जागा करा. बसायला सावलीत बाक, बायकांना स्वच्छ संडास ज्याला कुलूप नसेल, प्यायचं पाणी, आणि रस्ता दाखवणारी पाटी ज्याच्यावर अंतर, चढ आणि ओहोटी लिहिलेली असेल. बायकांच्या संडासाचा मुद्दा मी मुद्दाम लिहितेय. पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी जणी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हात चालून चक्कर येते. चालणं सोपं आहे की अवघड हे चढावर ठरत नाही फक्त, यावर पण ठरतं.

शेवटचा मुद्दा, आणि हा आत्ता बोललं नाही तर नंतर उपयोग नाही. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचं काम हाती घेतलंय, खाड्यांवर मोठे पूल व्हायचेत, रेवस-कारंजा, रेवदंडा-साळाव, आगरदांडा-दिघी, बाणकोट. चांगलं आहे, इथल्या माणसाला दवाखान्याला आणि कॉलेजला जायला सोपं होईल. पण या प्रत्येक पुलावर चालणाऱ्यांसाठी वेगळी, कठड्याने अलग केलेली, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद पट्टी पाहिजे. खाडीवरचा पूल हे चालायला सगळ्यात सुंदर ठिकाण असतं, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, खाली होड्या आणि चढ जवळजवळ नाही. जुन्या पुलांवर आज कठड्याला चिकटून अंग चोरून चालायला लागतं, शेजारून ट्रक गेला की साडीचा पदर ओढला जातो. कोळणी डोक्यावर पाटी घेऊन तसंच जातात, शाळेची मुलं तशीच जातात, पर्यटकांचं सोडाच. पूल बांधून झाल्यावर पट्टी जोडता येत नाही. म्हणजे डिझाइनमधे आहे का, किती रुंद आहे, मधे थांबायला आणि बसायला जागा ठेवलीय का, हे आत्ताच विचारायला पाहिजे. आम्ही गावातून विचारलं तर उत्तर कधी मिळेल सांगता येत नाही. तुमच्या जिल्हा प्रतिनिधीने अधिकाऱ्यांना हा एक प्रश्न विचारावा, पुलागणिक, आणि जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापावं.

कळावे,
तुमची एक जुनी वाचक,
अलिबाग